मोहाखालची काळी जागा

“ताई, आई तुमच्या खोलीत आल्या का जी?”

मी कडी काढली. कल्पनावहिनी दारातच उभ्या होत्या. काखेत बांबूची टोपली, डोक्याला फडकं गुंडाळलेलं. पूर्वेला नुकतं फटफटत होतं.

“नाही. अंथरुणात नाहीत?”

“अंथरून गार पडलं हाय.”

तरी त्यांनी माझ्या खोलीत डोकावून पाहिलं, वाकून खाटेखाली पाहिलं. मग न्हाणी, गोठा, मागची वाडी. मी चपला शोधेपर्यंत त्या घराला दोन फेऱ्या मारून आल्या होत्या. टोपली अजून काखेतच होती. ती खाली ठेवायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

ही गोष्ट चिचटोल्याची. चंद्रपूरकडच्या जंगलाला अगदी चिकटून असलेलं ते लहानसं गाव. एम.एस्सी. झाल्यावर मला पहिलीच संशोधनाची नोकरी लागली होती आणि त्या उन्हाळ्यात मी वहिनींच्या पडवीतल्या खोलीत राहत होते. रानातली एखादी वस्तू माणसाला कधी दिसते आणि कधी समोर असून दिसत नाही, त्यात तिच्या मागच्या जमिनीचा, पानांचा, सावल्यांचा हात किती, हे मला शोधायचं होतं. मी जंगलात खाकी कापडाची गाठोडी ठेवायचे, ड्रोन उडवून वरून फोटो काढायचे आणि संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर गावकऱ्यांना ते लॅपटॉपवर दाखवायचे. दोन बटणांवर दोन टिकल्या चिकटवल्या होत्या. गाठोडं दिसलं तर हिरवी दाबायची, नाही दिसलं तर लाल. लाल टिकलीला सगळे ‘रिकामं’ म्हणत. मला गाव शोधाशोधीवाली म्याडम म्हणे.

पार्बताबाई दडमल या वहिनींच्या सासू. सत्तरी केव्हाच उलटलेली. वर्षभरापासून त्यांचं मन ठिकाणावर राहत नव्हतं. मला त्या रोज नव्या नावाने हाक मारत आणि मला त्याची गंमत वाटे. सुनेला मात्र दिवाळीपासून त्या ओळखतच नव्हत्या. “ए बाई, कोन तू? माझ्या घरात कायले फिरतेस?” असं त्या रोज विचारत. वहिनी ताटात भाकर वाढत आणि म्हणत, “कामवाली आहे जी. जेवा.” वहिनींचा नवरा तेलंगणात मिरची तोडायला गेलेला, दोन्ही मुलं आश्रमशाळेत. घरात या दोघी आणि मी.

“मोह्यालेच गेल्या असतील,” मी म्हणाले. “रोज मागे लागायच्या ना?”

“अंधारात कशा जातील जी? त्यांना घरातली मोरी सापडत नाही.”

आठवडाभर हेच चाललं होतं. ‘मोहा पडला असंन, मले ने.’ वहिनी नेत नव्हत्या. आदल्या वर्षी नेलं तर पार्बताबाई रानात भरकटल्या होत्या, शिवाय त्यांची वेचायची रीत अशी निराळी, की तिच्यापायी दुपार व्हायची. म्हणून यंदा त्यांना घरी ठेवून वहिनी एकट्याच जात.

गल्लीत माणसं टोपल्या घेऊन निघालीच होती. मोहाचे दिवस म्हणजे गावाची सुगी. पहाटेपासून फुलं टपटपतात, आणि हरणं, डुकरं, अस्वलं खाऊन जाण्याआधी ती वेचायची असतात. झाडं रानातली असली तरी कोणतं झाड कोणत्या घराचं हे ठरलेलं. दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी वाकत नाही.

“बुडी हरवली?” पत्रूजी घोडमारे थांबले. पासष्टीचे, गावातले जाणते, आवाज असा की शेतातून गावात ऐकू यावा. पार्बताबाईंशी त्यांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. का, ते मला माहीत नव्हतं. “घरात सून असताना म्हातारी जाते कशी, म्हणतो मी?”

“तुमचा बैल गेल्ता तेव्हा आमी असं विचारलं का, काका?” वहिनी म्हणाल्या.

“बैलाले दावं होतं. तोडून गेला.”

“मग आईलेही बांधून ठेवू का?”

 पत्रूजींनी टोपली एका ओट्यावर आदळली आणि तोंडाशी हात नेऊन हाक दिली, “कोनी मोह्याले जाऊ नका रे! दडमलांची बुडी नाही सापडत!”

त्या दिवशी चिचटोल्यात कोणी मोह वेचायला गेलं नाही. ओट्यावर टोपल्यांची रास झाली. फक्त वहिनींची त्यांच्या काखेत राहिली.

आधी बोडी. गावातल्या त्या तळ्यात पाणी कमरेएवढंच उरलं होतं. चार जण आत उतरून बांबूने तळ चाचपत होते आणि वहिनी काठावर उभ्या राहून प्रत्येक बांबूकडे पाहत होत्या. बांबू कशाला तरी अडला की त्या एक पाऊल पुढे सरकायच्या. निघाला एक जुना टायर. मग वहिनींच्या स्वतःच्या झाडांखाली. मग विहीर, मग देवळामागचं बेशरमाचं रान. सूर्य वर आला तसं माणसांचं बोलणं कमी झालं. मार्चअखेरचं तिथलं ऊन सकाळी नऊलाच अंगाला चटके देतं. म्हातारीजवळ पाणी नव्हतं.

वनरक्षक मेश्राम मोटारसायकलवरून आले ते हातवारे करतच. “नाल्यापलीकडे एकानंही जायचं नाही! वाघीण पिल्लं घेऊन बसली आहे तिकडे. काल संध्याकाळीच माग पाहिले मी.”

“आणि बुडी तिकडेच असंन तर?” पत्रूजी.

“असेल तर साहेबांना फोन करतो, गाडी मागवतो, फटाके मागवतो. पण आहे हे तर कळू द्या. एका माणसासाठी दहा माणसं घालवू का?”

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. माझ्याआधी वहिनीच बोलल्या. “ताई, तुमची भिंगरी उडवा.”

मेश्रामांनी फोनवर परवानगी घेतली. शाळेच्या मैदानातून मी ड्रोन सोडला. आधी नाल्यापलीकडे, कारण तिथे दुसरं कोणी जाऊ शकत नव्हतं, आणि मग अलीकडच्या रानावर. नांगरटीसारख्या सरळ ओळी. एक बॅटरी संपली की दुसरी, तीही संपली की पहिली चार्जरला लावायची आणि वीज जाऊ नये म्हणून वर पंख्याकडे पाहत बसायचं. साग निष्पर्ण होता, त्यामुळे वरून जमीन दिसत होती. पण ती कसली जमीन! वाळलेल्या सागाची मोठमोठी पानं, त्यांच्यावर फांद्यांच्या सावल्यांची जाळी, मध्येच दगड, मध्येच पळसाच्या पाकळ्यांचा सडा.

“नेसलं काय होतं त्यांनी?” मी विचारलं.

“मातकट लुगडं. पुष्कळदा धुतलेलं,” वहिनी म्हणाल्या.

सागाच्या वाळक्या पानाचा रंग नेमका तोच. मी ते बोलले नाही.

शाळेच्या ओट्यावर लॅपटॉपभोवती माणसं दाटली. हे काम त्यांच्या सवयीचं होतं. कोणाची नजर तेज आहे हेही आम्हा सगळ्यांना माहीत होतं. एकेक फोटो पुढे सरकत होता.

“रिकामं.”

“रिकामं.”

“थांबा, थांबा. मागं घ्या. हे काय? नाही, दगड हाय. रिकामं.”

मोहाची झाडं वरून लगेच ओळखू यायची. इकडे झाडाखालचा पाचोळा झाडून जाळतात. त्यावरून मेश्राम दरवर्षी कावतात, पण जाळायचं कारण साधं आहे. पाचोळ्यात पडलेलं फिकट पिवळं फूल सापडत नाही, राखेच्या काळ्या जमिनीवर पडलेलं लहान पोरालाही दिसतं. जे मी कॉम्प्युटरवर मांडत बसले होते ते हे लोक काडीपेटीने करत आले होते. त्यामुळे फोटोत दर थोड्या अंतरावर एक गोल काळा डाग यायचा आणि बघणाऱ्याची नजर आधी त्यावर जायची. तिथे माणूस नाही हे क्षणात कळायचं. मग ती नजर उरलेल्या पाचोळ्यावरून भराभर सरकायची आणि तोंडातून शब्द यायचा, “रिकामं.”

शेवटचा फोटो झाला. मेश्रामांनी खिशातून फोन काढला. “म्हणजे नाल्यापलीकडे नाही. तसं कळवतो.”

“थांबा,” मी म्हणाले. “रिकामं म्हणजे नाही, असं नसतं.”

“मग काय असतं, मॅडम?”

“दिसलं नाही, एवढंच असतं. काळ्या जमिनीवर नाही दिसलं तर नाही म्हणता येईल. पाचोळ्यावर नाही दिसलं तर काहीच म्हणता येत नाही. तुम्हीच परवा गाठोड्यावर लाल टिकली दाबली होती. ते फोटोच्या अगदी मध्यभागी होतं.”

“साहेबांना हे असं सांगू? त्यांना आहे की नाही, एवढंच हवं असतं.”

 कोणत्या फोटोत जमीन जास्त फसवी आहे हे मोजणारा एक प्रोग्रॅम मी लिहिला होता. रंगांची गर्दी, सावल्यांची गर्दी, असं काय काय मोजून तो फोटोंना क्रम लावायचा. मी सगळे फोटो त्यात टाकले. सर्वात फसवे वर, सर्वात सोपे खाली. “वरचे पुन्हा बघू. सावकाश. घाई नको.”

सावकाश बघणं त्या दिवशी कोणालाच जमण्यासारखं नव्हतं. तरी पुन्हा बसलो, आणि थोड्याच वेळात दोघं एकदम ओरडले, “हे! हे पाहा!”

अलीकडच्या रानात, बांबूच्या बेटाशेजारी, एक मातकट उंचवटा. वरचा भाग डोक्यासारखा. खाली गुडघे दुमडल्यासारखं काहीतरी. मलाही दिसलं. मला तर पदराची घडीसुद्धा दिसली.

वहिनी सर्वांत पुढे पळत होत्या. पाचोळा पायाखाली कडाकडा मोडत होता, टोपली कमरेवर आपटत होती. बेटाला वळसा घातला आणि त्या एकदम थांबल्या. वारूळ होतं. वाळवीचं, जुनं, उन्हाने तडकलेलं वारूळ.

वहिनी त्याच्याशेजारी मटकन खाली बसल्या. त्यांनी वारुळावर तळहात टेकवला, जणू तरीही एकदा खात्री करावी. तेवढ्यात फोन वाजला. नवरा होता. फोन कानापासून लांब धरूनही आम्हाला सगळं ऐकू येत होतं. “तुझं लक्ष कुठी होतं? एक मानूस सांभाळता येत नाही तुले?”

“शोधून राहिलो ना जी,” एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

“टोपली तरी ठेव बाई आता,” पत्रूजी म्हणाले. “टोपली घेऊन कोनी म्हातारी शोधते का?”

“राहू द्या, काका.”

“लोकं हसतील.”

“हसू द्या.”

आम्ही गावात परतलो. ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. ओट्यावरच्या टोपल्यांच्या राशीकडे माणसं चोरून पाहत होती. आजचा मोह गेला, असं कोणी म्हटलं नाही, पण तिकडे रानात तो पडून उन्हाने वाळत होता. मेश्राम फोन हातात घेऊन सावलीत येरझारा घालत होते.

मी लॅपटॉप मांडीवर घेतला. काय बघायचं ते कळत नव्हतं, नुसतं बसवत नव्हतं. वरचे फोटो पाहून डोळे शिणले होते. वारुळाने मला हादरवलं होतं. नसलेली पदराची घडी मी स्पष्ट पाहिली होती. मग वरच्या फोटोत मला जे दिसेल त्यावर मी विश्वास कसा ठेवायचा? त्या वैतागातच मी यादीच्या पार तळाला गेले. सगळ्यात सोपा फोटो. प्रोग्रॅमला हा सर्वात सोपा का वाटला, एवढंच पाहायचं होतं. चूक असेल तर निदान चूक तरी सापडेल.

एक मोहाचं झाड. त्याखाली काळं, स्वच्छ, सपाट वर्तुळ. सकाळी आम्ही सगळ्यांनी ते पाहून लगेच लाल टिकली दाबली होती.

मी त्याच्या वरचा फोटो उघडला. तिथेही मोह, तिथेही वर्तुळ, पण पिवळ्या ठिपक्यांनी भरलेलं. त्याच्या वरचा, तसाच. सगळी झाडं तशीच ठिपक्यांची. काळंभोर एकच.

“हे एकच झाड असं काळं का?” मी स्वतःशीच म्हणाले.

वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मान वळवून पाहिलं आणि थकल्या आवाजात म्हणाल्या, “वेचलं असंन.”

म्हणाल्या, आणि तशाच राहिल्या. मीही. मग त्या उठून माझ्यापाशी आल्या.

“आज कोन वेचाले गेलं?”

मी मान हलवली.

“कोनी गेलं का जी मोह्याले?” त्यांनी मोठ्याने विचारलं. “पहाटपासून कोनी गेलं का? राग नाही, खरं सांगा.”

कोणी गेलं नव्हतं. टोपल्या समोर होत्या.

“झाड कुठलं हे?” मेश्राम खाली वाकले.

मी नकाशा दाखवला. नाल्यापलीकडचं, बेहड्याच्या झाडाच्या खालच्या अंगाचं.

पत्रूजींनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. “ते माझं झाड हाय.”

“तुमी गेल्ते?”

“मी कवा जाऊ? पहाटपासून तुमच्याच बुडीच्या मागं फिरून राहिलो!”

“हरणं खातात, मॅडम,” मेश्राम म्हणाले. “अस्वल तर झाडाखाली झोपतं. एवढ्यावरून मी वाघिणीच्या तोंडात माणसं कशी नेऊ?”

बरोबर होतं त्यांचं. मी फोटो मोठा केला. अजून मोठा. काळ्या जमिनीवर, बुंध्याजवळ, काही फिकट ठिपके एका ओळीत होते. सकाळी कोणीतरी त्यांना दगड म्हटलं होतं.

“दगड,” मेश्राम म्हणाले.

“दगड रांगेत बसते का जी?” वहिनींचा आवाज चिरकला. “ह्या ढिगल्या हाय. मोह्याच्या ढिगल्या. आई टोपलीत नाही टाकत. घरातल्या एकेका मानसाच्या नावानं एकेक ढिगली लावते आधी. देवाची, मालकाची, लेकराची. सारं वेचून झालं की मग भरायचं. त्याच्यापायीच तर दुपार व्हायची, ताई! त्याच्यापायीच तर मी—”

 मेश्रामांनी ठिपक्यांकडे आणखी एकदा पाहिलं आणि फोन लावला. या वेळी त्यांनी आहे की नाही ते सांगितलं नाही. “साहेब, आम्ही जात आहोत,” एवढंच म्हणाले.

पत्र्याचे डबे बडवत, हाळ्या देत आम्ही नाला ओलांडला. वाळूत वाघिणीचे माग होते आणि शेजारी पिल्लांचे. मेश्राम त्यांच्यावरून पाय न टाकता गेले आणि आम्हीही. कोणी मागे राहिलं नाही. पत्रूजी धापा टाकत माझ्याबरोबर चालत होते. न विचारताच ते बोलायला लागले.

“आधी तिच्याच घरचं होतं ते झाड. तिचा मालक वारला त्या साली माझ्या बापानं हक्क सांगितला. पंचांनी आमाले दिलं. तवापासून एक शब्द बोलली नाही माझ्यासंगं.” थोडं चालून ते पुन्हा म्हणाले, “पंचांनी दिलं. मी नाही घेतलं.”

मोह दिसला. खाली ते काळं वर्तुळ, एकही फूल नसलेलं, फक्त बुंध्याजवळ मुठीमुठीएवढ्या पिवळ्या ढिगल्या, नीट ओळीत. माणूस नव्हतं.

“आई!” वहिनींनी हाक मारली. “आई, ओ आई!”

डबे थांबले. रान एकदम गप्प झालं. मी चारी बाजूंना पाहिलं. पाचोळा, सावल्या, एक करवंदीची जाळी, पाचोळा.

“ओरडू नोको,” जाळीच्या बुडाशी आवाज आला. “गांधीलमाशी येते.”

आमच्यापासून चार पावलांवर त्या बसल्या होत्या. डोक्यावरून पदर घेतलेला, गुडघे पोटाशी, मातकट लुगड्यावर फांद्यांच्या सावल्या. मी नुकतंच त्या जागेवरून नजर फिरवली होती.

वहिनी धावल्या. कोणीतरी पाण्याची बाटली पुढे केली. पार्बताबाईंचे ओठ फुटले होते, पण त्या आधी ढिगल्यांकडे पाहत होत्या आणि मग पाण्याकडे. दोन घोट पोटात गेल्यावर त्यांना तरतरी आली.

“कसली गांधीलमाशी, आजी?” मेश्रामांनी विचारलं.

“एवढी!” त्यांनी हात पसरले. “डोक्यावर घूं घूं करून फिरून राहिली. मी आपली काळ्यावर बसून होती, बिडी पेत. आता हे चावते म्हटलं, म्हणून पदर घेऊन पानात येऊन लपली.”

मेश्राम माझ्याकडे पाहायला लागले. मी जमिनीकडे पाहायला लागले.

तो फोटो अजून माझ्याकडे आहे. त्यात त्या आहेत. काळ्या वर्तुळाच्या कडेला, जाळीखाली, पदराचा काठ आणि एका पायाचा अंगठा. कुठे बघायचं ते ठाऊक असलं की इतक्या ठळक दिसतात, की त्या दिवशी एवढ्या डोळ्यांना कशा चुकल्या असतील असं वाटतं. मी तो दर वर्षी विद्यार्थ्यांना दाखवते. ते काळ्या जागेकडे बघतात आणि लाल बटण दाबतात.

मी खाली पाहत होते तेवढ्यात पत्रूजी पुढे आले. पार्बताबाईंनी डोळे बारीक केले आणि क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या, “पत्र्या! आला का पुन्हा माझ्या झाडाखाली?”

“घ्या,” मागून कोणीतरी पुटपुटलं. “वैरी बरोबर ओळखते.”

पत्रूजींच्या घशातून कसलासा आवाज निघाला. हसू होतं की काय कोण जाणे. खाली बसून त्यांनी डोक्यावरचा दुपट्टा काढला. “नाही जी, पार्बतावहिनी. तुमचंच झाड हाय. मी आपला पाहाले आलो, मोहा कसा पडला ते.”

“मंग पाह्य, अन् जाय.”

“जातो जी.”

वहिनी सासूसमोर गुडघ्यांवर बसल्या होत्या. पत्र्याला ओळखलं म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी पाहिलं. त्यांनी डोक्याचं फडकं मागे सारलं, म्हणजे तोंड नीट दिसावं. पार्बताबाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“कोन गा तू, बाई?”

वहिनींनी फडकं पुन्हा पुढे ओढलं. “कामवाली आहे जी. चला आता, ऊन झालं.”

उठल्या त्या आणि ढिगल्यांपाशी गेल्या. काम नेटकं व्हावं म्हणून त्यांनी टोपली खाली ठेवली. पहाटेपासून पहिल्यांदाच. पार्बताबाई कोणाच्या तरी हाताच्या आधाराने मागोमाग आल्या आणि बोटाने दाखवू लागल्या. “हे देवाची. हे मालकाची. हे माझ्या पोराची. हे दोघा नातवायची.” वहिनी एकेक ढिगली ओंजळीने टोपलीत भरत गेल्या. शेवटची बाकीच्यांपेक्षा मोठी होती, वर पान झाकलेली. वहिनींनी पान उचललं तसा पार्बताबाईंनी त्यांच्या मनगटावर फटका मारला.

“तिले हात लावू नोको!”

“काऊन जी? कोनाची हाय हे?”

“कल्पनाची. माझ्या सुनेची.” त्यांनी पान पुन्हा नीट झाकलं आणि रानाच्या वाटेकडे पाहिलं. “येतच असंन टोपली घेऊन. एकटी मरते बिचारी कामानं. आज म्हटलं तिच्या वाट्याचं मीच वेचून ठेवतो.”

 मेश्रामांनी डबा वाजवायला हात उचलला होता, तो तसाच राहिला.

“बरं,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी हात टोपलीच्या कडेला पुसले. “सून येईपर्यंत मी राखत बसू का जी?”

पार्बताबाईंनी जरा विचार केला. “बस. पन हात लावू नोको.”

“नाही लावत.”

आणि एवढ्या उन्हात, वाघिणीच्या रानात, वहिनी त्या काळ्या जमिनीवर ढिगलीशेजारी बसल्या, वाटेकडे तोंड करून.